सहकुटुंब सहपरिवार पटाया

नागपूरच्या गांधीबागेत एक नग काही मिळत नाही. साडी म्हटली तर गठ्ठा, रुमाल म्हटला तर डझन आणि सुटिंगचं म्हणाल तर अख्खं थान. इथं एक मीटर कापड मागणाऱ्याकडे गादीवरचा माणूस ज्या नजरेनं बघतो, ती नजर एरवी फक्त आयकरवाल्यांसाठी राखून ठेवलेली असते. अशा ठोक बाजारात सुट्टीदेखील सुटी मिळत नाही. ती मालासोबत येते.

तिला स्कीम म्हणतात. दिवाळीच्या आधी मिलचा माणूस येतो, तक्क्याला टेकतो, अर्धा चहा पितो आणि बॅगेतून रंगीत कागद काढतो. इतका माल उचला, मिक्सर. त्याच्यावर उचला, एसी. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर निळा समुद्र, नारळाचं झाड आणि अक्षरं : बँकॉक-पटाया, तीन रात्री, चार दिवस, एक व्यक्ती. त्या 'एक व्यक्ती'वर शेठचं बोट थोडं जास्त वेळ थांबतं. मग गोदामात उंदराला वळायला जागा नसली तरी माल उचलला जातो. जो खपत नाही तो उन्हाळ्यात पडत्या भावानं बालाघाट-शिवनीकडे रवाना होतो. पटायाची वारी फुकट होते असं मानणाऱ्यानं मार्चअखेरीला मुनीमजींचा चेहरा पाहावा.

यात गांधीबागेनं नवीन काही शोधलं असं मात्र नाही. पटाया मुळात कोळ्यांचं गाव. व्हिएतनामच्या युद्धकाळात अमेरिकी सैनिक तिथं विश्रांतीला येऊ लागले, त्यांच्या विश्रांतीला लागेल ते ते उभं राहिलं आणि गावाचं शहर झालं. म्हणजे पटायाची पहिली स्कीम पेंटागॉननं काढली होती. टार्गेट वेगळं होतं, एवढंच. तिथंही 'एक व्यक्ती'च होती.

तर आमच्या गल्लीतले शेठ अशा स्कीममधून जाऊन आले. येताना वहिनींना टायगर बाम, पोरांना चॉकलेटं आणि आईला बुद्धाची छोटी मूर्ती आणली. फोटो भरपूर दाखवले. बुद्ध, वाघ, हत्ती, परत बुद्ध. वहिनी हुशार. त्यांनी एवढंच विचारलं, "अजी, तीन रात्री होत्या ना? मंग फोटो सारे दिवसाचेच काऊन हायेत?" शेठ म्हणाले, "रात्री उजेड कमी असते तिकडे." ज्यांनी पटायाची वॉकिंग स्ट्रीट पाहिली आहे त्यांना या वाक्यातलं धाडस कळेल.

पण सत्य फार दिवस गोदामात राहत नाही. दरवर्षी वहिनी म्हणायच्या, आम्हालेही न्या. दरवर्षी शेठ म्हणायचे, व्हिसाची मोठी कटकट आहे. मग थायलंड सरकारनं 10 नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसा माफ केला आणि गांधीबागेतल्या नवऱ्यांच्या हातातलं शेवटचं कारण काढून घेतलं. दोन देशांचे संबंध सुधारल्यामुळे एवढ्या संसारांत पेच निर्माण झाल्याचं परराष्ट्र खात्याच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

शेठनं पर्याय सुचवून पाहिले. नागपूरच्या माणसाला समुद्राची हौस असणं स्वाभाविक आहे, कारण झिरो माइलच्या खांबापासून कुठल्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. म्हणून तर भोसल्यांच्या वेळच्या फुटाळा तलावाच्या काठाला आपण बिनदिक्कत चौपाटी म्हणतो. लाट नाही, वाळू नाही, भरती-ओहोटी आहे ती रविवारच्या गर्दीची. "फुटाळ्यावर जाऊ ना, मक्याचं कणीस खाऊ," शेठ म्हणाले. कुणी उत्तरही दिलं नाही. मग त्यांनी खोपोलीच्या इमॅजिकाचं नाव काढलं. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर पुरा झाला, सकाळी निघालो की रात्री पोचतो, वगैरे. शेठच्या पिढीनं 1989 साली उघडलेलं गोराईचं एस्सेल वर्ल्ड टीव्हीच्या जाहिरातीत पाहून अख्खं बालपण काढलं होतं, त्यांना खोपोली म्हणजे स्वर्ग. पण आजचा पोट्टा बापापेक्षा पक्का व्यापारी. तो म्हणाला, "पप्पा, खोपोलीचा शिक्का पासपोर्टवर बसते का?"

राहिली आजी. तिनं आयुष्यात पंढरपूर, शेगाव आणि रामटेक सोडून कुठं मुक्काम केलेला नाही. "थ्या समुद्राच्या गावाले मी येत नाही, तिथं म्हणे बाया-माणसं चड्ड्यांवर फिरतेत." सहल तिथंच मोडायची, पण नातवानं मोबाइल पुढं केला. पटायाजवळ 2016 साली उघडलेल्या एका भल्यामोठ्या वॉटर पार्कचं नाव आहे रामायण. आजीनं चष्मा लावून नाव दोनदा वाचलं. नातवानं पुढची माहिती पुरवली, की तिथल्या राजाला रामच म्हणतात, सध्याचे दहावे राम आहेत. त्यांच्या जुन्या राजधानीचं नावही अयोध्येवरून अयुथ्या. ही माहिती अगदी खरी होती, म्हणूनच ती घातक ठरली. आजी म्हणाली, "मंग चाला. तीर्थच हाय ते."

आजीला हसू नका. चैनीला पुण्याचं नाव द्यायची युक्ती महाराष्ट्र सरकारलाही ठाऊक आहे. नागपूरकडून गोव्याला जाणारा रस्ता काढायचा होता. त्याला गोवा महामार्ग म्हटलं असतं तर कुणी विचारलं असतं, विदर्भातला शेतकरी काय बीचवर जाऊन राहिला काय? म्हणून नाव ठेवलं शक्तिपीठ. मूळ आराखडा 802 किलोमीटरचा. सुरुवात विनोबांच्या पवनारला. वाटेत माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई. एवढ्या देव्यांचं दर्शन घेऊन माणूस पापमुक्त झाला की रस्ता त्याला अलगद गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला नेऊन सोडतो. पुढचं ज्याचं त्यानं बघावं. कोल्हापूरकडचे शेतकरी तेवढे म्हणतात, की देवीला जायला आम्हाला रस्ता आहे, आमची जमीन कुणाला हवी आहे ते सांगा. त्यांचा भक्तिभाव कमी पडतो, दुसरं काय!

तर कुटुंब निघालं. नागपूरचं विमानतळ आंतरराष्ट्रीय आहे, त्यामुळे बँकॉकला जायला आधी मुंबईला जावं लागलं. सामानात दोन पेट्या कपड्यांच्या आणि तीन खाण्याच्या. चिवडा, शेव, लोणचं, पोळ्या, आणि परदेशात कुणी भेटलंच तर द्यायला संत्रा बर्फी. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचा भव्य देखावा आहे. देव एका बाजूला, दानव दुसऱ्या बाजूला, मध्ये वासुकी. आजीनं तिथंच चप्पल काढली आणि डोकं टेकवायला निघाली. शेठ मात्र त्या नागाकडे बघत उभे राहिले. एकीकडून आई, दुसरीकडून बायको, मध्ये आपण. हे चित्र त्यांना कुठंतरी पाहिल्यासारखं वाटत होतं.

खरी परीक्षा पटायाला पोचल्यावर. ड्रायव्हर नवा होता, हॉटेल त्याला सापडेना. शेठच्या तोंडून निघून गेलं, "बीच रोड कायले धरून राहिला बे, सेकंड रोडनं घे, मसाजवाल्याच्या पुढं डाव्या हाताले." गाडीत शांतता पसरली. "तुम्हाले कसं मालूम जी?" वहिनी. "गूगलवर पाहिलं." शेठचा फोन वहिनींच्या पर्समध्ये होता, आणि बंद होता. त्यानंतर चार दिवस शेठनं स्वतःच्या हॉटेलचा रस्तासुद्धा लोकांना विचारला.

वॉटर पार्कच्या खिडकीवर गांधीबागेची सारी विद्या संपली. शेठनं सवयीनं विचारलं, "पाच जण आहोत, ठोकात काय लावता?" पोरीनं हसून छापील भाव दाखवला. शेठनं कटती मागितली. ती पुन्हा हसली. शेठ खिडकीपासून दहा पावलं दूर गेले, म्हणजे आता मागून हाक येईल. गांधीबागेत या दहा पावलांना फार मोल आहे. आठव्या पावलाला हाक येते आणि भाव खाली येतो. इथं मागं वळून पाहिलं तर पोरगी पुढच्या गिऱ्हाइकाला तिकीट देत होती. बाथचा भाव अडीच रुपयांच्या वर, छापील भावाला आधी त्यानं आणि मग पाचानं गुणून शेठनं जो आकडा काढला तो त्यांनी तोंडानं उच्चारला नाही. भाव न तोडता केलेला आयुष्यातला हा पहिला सौदा.

शिवाय पैसे आधी. आत गेलं की मनगटाला पट्टा, पट्ट्यात रक्कम भरायची, मग आईस्क्रीम असो की लॉकर, पट्टा दाखवायचा. 2024 साली सरकारनं आयकराच्या कलम 43 बी (एच) चा बडगा दाखवला, की लहान उत्पादकाचं बिल 45 दिवसांत चुकतं करा, तेव्हा देशभरच्या कापड बाजारांत हाहाकार उडाला होता. पंचेचाळीस दिवसांत पैसे? ही काय माणुसकी झाली? त्याच बाजारातला माणूस इथं माल दिसण्याआधीच पैसे भरून, वर पट्टा बांधून, हसत उभा होता.

पुढचा घाव तर थेट कुळावर होता. वॉटर पार्कात सुती कपडा चालत नाही, पोहण्याचा पोशाखच पाहिजे. ज्याच्या गोदामात अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्याला पुरेल इतकं कापड पडलं आहे, तो माणूस रांगेत उभा राहून भाड्यानं एक हाफ पँट घेत होता. तीही चिल्लर भावात, तीही परत करायची. त्यानं दोन बोटांत कापड चोळून पाहिलं आणि पुटपुटला, "आपल्याकडं याचा मीटरला काय भाव हाय, माहीत हाय काय?" ऐकायला कुणी नव्हतं. पोट्टे घसरगुंडीवर होते. आजी नऊवारी सोडायला तयार नव्हती, म्हणून तिला पाण्याबाहेर छत्रीखाली बसवलं होतं. ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत एकच चौकशी करत होती, की राममंदिर नेमकं कोणत्या बाजूला आहे.

संध्याकाळी किनाऱ्यावर शेठला थोडं बरं वाटलं. गाइडनं सांगितलं, की लाटांनी हा किनारा खाल्ला होता, मग बाहेरून वाळू आणून ओतली आणि तो पुन्हा रुंद केला. म्हणजे वाळूदेखील ट्रान्सपोर्टनं आलेली. शेठनं पहिल्यांदाच आदरानं शहराकडे पाहिलं. आणि त्यांना त्या शहराचा धंदा समजला.

पटायानं दुकान बदललेलं नाही, गिऱ्हाईक वाढवलं आहे. नुसत्या एकट्या पुरुषांवर किती दिवस भागणार? म्हणून 2014 मध्ये कार्टूनवाल्यांचं वॉटर पार्क आलं, 2016 मध्ये रामायण आलं, 2022 मध्ये त्या कार्टूनच्या जागी हॉलिवूडच्या सिनेमांचं पार्क आलं. नोंग नूचच्या बागेत हत्तींच्या जोडीला सिमेंटचे डायनासोर उभे राहिले. दर्शनी भागात लहान मुलं मांडली. मागचा माल हलवला नाही. वॉकिंग स्ट्रीट होती तिथंच आहे, फक्त आता तिच्यातून बाबागाडी ढकलत कुटुंबंही जातात आणि आया मुलांचे डोळे झाकता झाकता स्वतः नीट बघून घेतात. गांधीबागेतही हेच चालतं. समोर लग्नाचे शालू, मागं उधारीची वही. शहर आणि शेठ एकाच सुमाराला सज्जन झाले, दोघांनीही त्यासाठी पोराबाळांना पुढं केलं, आणि खर्च दोन्हीकडचा शेठनंच भरला.

परत आल्यावर गल्लीत फोटो दाखवायचा कार्यक्रम झाला. या वेळी रात्रीचेही होते. आजीनं मैत्रिणींना सांगितलं, की रामायण पाहून आले, पाणी लई होतं, सेतू काही दिसला नाही. वहिनींनी गल्लीतल्या साऱ्या बायांना गोळा करून वॉकिंग स्ट्रीट हा विषय इतका सविस्तर समजावला, की त्या संध्याकाळी अनेक घरांत जेवायला उशीर झाला. ज्या पुरुषांनी जुन्या स्कीममध्ये फक्त बुद्ध पाहिले होते, त्यांच्या बुद्धांची फेरतपासणी सुरू झाली.

मिलवाले मात्र गिऱ्हाइकाची नाडी ओळखतात. घरच्या बाया खूश झाल्या तर माल आणखी उचलला जाईल, असा त्यांनी हिशेब मांडला. यंदाच्या रंगीत कागदावर तोच निळा समुद्र, तेच नारळाचं झाड, पण खाली 'एक व्यक्ती' पुसून छापलं आहे : सहकुटुंब सहपरिवार. टार्गेट तर उलट कमी केलं. वहिनी दर आठवड्याला मुनीमजींना विचारतात, किती थानं राहिली. इतकी वर्षं दिवाळीच्या आधीच जे गाठलं जायचं ते टार्गेट तुळशीचं लग्न लागून गेलं तरी गल्लीत एकाही दुकानाचं पुरं झालेलं नाही. मिलचा माणूस हैराण होऊन गादीगादीवर कारण विचारत फिरतो आहे. सगळ्या शेठांचं उत्तर एकच, आणि ते देताना कुणाची पापणीही लवत नाही : "काय करता भाऊ, यंदा मार्केटमध्ये लई मंदी हाय."