कान गहाण, शेरा खणखणीत

नोव्हेंबरअखेरचा शनिवार-रविवार म्हणजे सीक्यू वर्ल्ड वाइडची मोर्स स्पर्धा. सलग ४८ तास. पूर्वी हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, डायल फिरवत, कान टवकारून स्टेशनं हुडकायची. २००८ पासून स्किमर नावाचं सॉफ्टवेअर अख्खा बँड एकदम ऐकतं आणि इंटरनेटवरचं रिव्हर्स बीकन नेटवर्क स्टेशनचं सांकेतिक नाव (कॉलसाइन), फ्रिक्वेन्सी, डेसिबल असं सगळं काही सेकंदांत जगजाहीर करतं. आपण क्लिक करायचं. ‘एच’च्या चार टिंबांतलं एक गळलं की ‘एस’ होतो, भलत्याच नावाचं बारसं होतं आणि तरी तिथे झुंबड उडते! यंत्र निदान सिग्नल किती दुबळा ते खरं सांगतं. माणूस मात्र तीनदा ‘पुन्हा सांगा’ म्हणून झाल्यावर शेरा ठोकतो, पाच-नऊ-नऊ, म्हणजे सिग्नल अगदी खणखणीत. तेही मोर्समधला लांबलचक नऊ वाजवायचा कंटाळा, म्हणून त्याजागी छोटा एन: ‘पाच-एन-एन’.