उशिरा सुचलेलं उत्तर

नकारात्मक विचार आपल्याला छळतात, अशी सगळ्यांची तक्रार असते. माझं मत उलट आहे. छळ आपण त्यांचा करतो. बिचारे गाढ झोपलेले असतात, आपणच रात्री दीड वाजता त्यांना उठवतो आणि म्हणतो, "हं, पहिल्यापासून सांग."

माझा सध्याचा चालू विचार सोसायटीच्या वार्षिक सभेतला आहे. पाण्याच्या टाकीच्या खर्चाबद्दल मी एक साधा प्रश्न विचारला. त्यावर सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्यासारख्या सुशिक्षित माणसाकडून ही अपेक्षा नव्हती." मी "नाही, म्हणजे, तसं नाही" एवढंच पुटपुटलो आणि समोरचा बटाटेवडा खाल्ला. खरं उत्तर सुचलं ते दुसऱ्या दिवशी, आंघोळ करताना. तेव्हापासून त्यावर काम चालू आहे. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबून चष्मा काढायचा, सगळं ठरलंय. फक्त सभा होऊन गेलीय.

माझे हलणारे ओठ बायकोने पाहिले आणि क्लब हाउसमधल्या माइंडफुलनेसच्या शिबिरात माझं नाव घातलं. "खरं तर इगतपुरीलाच पाठवणार होते विपश्यनेला," ती म्हणाली, "पण तिथे पहाटे चारला घंटा होते, ते तुला जमायचं नाही. आणि दहा दिवस मौन म्हणजे तू दहा दिवस मनातल्या मनात त्या सेक्रेटरींशीच भांडणार."

शिकवणाऱ्या मॅडम फारच शांत होत्या. त्यांनी सांगितलं, की जॉन कबात-झिन या शास्त्रज्ञाने १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी हे सुरू केलं. मूळ बौद्ध ध्यानाचं, अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा. पुढे २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी सव्वादोन हजार माणसांना दिवसातून मध्येच गाठून विचारलं, आत्ता काय करताय आणि डोक्यात काय चाललंय? निघालं असं, की जागेपणीचा जवळजवळ ४७ टक्के वेळ मन भलतीकडेच असतं आणि तेव्हा माणूस कमी सुखी असतो. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मला प्रश्न पडला, उरलेले ५३ टक्के ही माणसं करतात तरी काय?

मग प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा आला. हा त्या अभ्यासक्रमातला प्रसिद्ध धडा. बेदाणा आधी नुसता बघायचा, मग बोटांत फिरवायचा, हुंगायचा, कानाशी धरून दाबायचा. जिभेवर ठेवल्यावरही लगेच चावायचा नाही. शेजारच्या काकूंनी तो केव्हाच गिळून दुसरा मागितला. मागून कुणीतरी म्हणालं, "तासगावचा दिसतोय. किलोला काय पडला?"

मी मात्र नेटाने बघत राहिलो. हिरवट पिवळा रंग, एका टोकाला देठाचा ठिपका, सुरकुत्यांच्या कडा उजेडात चकाकणाऱ्या. कानाशी दाबला तर खरंच एक चिकट, बारीक आवाज. जिभेवर आधी काहीच लागेना. मग तो जरासा फुगला, आणि दाताखाली आल्यावर आधी आंबट, मागून गोड. शपथेवर सांगतो, तेवढा वेळ डोक्यात ना सेक्रेटरी होते, ना टाकी.

हे लक्षात आलं आणि मी घाबरलो. आपलं उत्तर गेलं की काय? घाईघाईने मनात डोकावलो. होतं जागेवर. उलट शेवटच्या वाक्याला आणखी धार आली होती.

"विचार आला तर हाकलू नका," मॅडम म्हणाल्या. "आला, एवढी नोंद घ्या आणि श्वासाकडे परत या." हाकलून उपयोग नसतो हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्येच दाखवलंय. पांढरं अस्वल मनात आणू नका, आलंच तर घंटी वाजवा, असं त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं. विद्यार्थी घंटी वाजवत राहिले. म्हणून मी नोंद घेत गेलो. उत्तर आलं. श्वास. उत्तर आलं. श्वास. असं करता करता एक गोष्ट ध्यानात आली. हे उत्तर मला अजिबात छळत नव्हतं, मला ते आवडत होतं. माणूस अपमान एक वेळ विसरेल. पण त्यावर घेतलेली मेहनत त्याला सोडवत नाही.

एक डोळा किलकिला करून पाहिलं. समोरच्या रांगेत खुद्द सेक्रेटरी. डोळे मिटलेले, पाठ ताठ आणि ओठ भराभर हलतायत. मध्येच त्यांनी एक बोटही उगारलं.

शेवटी मॅडमनी अनुभव विचारले. सेक्रेटरी पहिले उठले. "फार छान वाटलं. इतका वेळ डोक्यात एकही विचार नव्हता."

"ते आम्हाला सभेतच कळलं होतं," मी म्हणालो.

हॉल खदखदून हसला. कपाळाला आठी घालून का होईना, सेक्रेटरीही हसले. आणि इतके दिवस घासूनपुसून ठेवलेलं माझं उत्तर त्या क्षणी निकामी झालं. परत काही मनात आलं नाही. वर्तमानात राहिलं की उत्तर वेळेवर सुचतं, हा फायदा शिबिराच्या माहितीपत्रकात दिलेला नाही. पुढच्या वेळी पहिल्या क्रमांकावर छापावा.