सोन्याची कुऱ्हाड मिळवण्याची कार्यपद्धती : फक्त जालनेकरांसाठी

प्राथमिक शाळेत लाकूडतोड्याची गोष्ट वाचलेल्या कुणालाही सोन्याची कुऱ्हाड कशी मिळते हे पाठ असते. आपली लोखंडी कुऱ्हाड नदीत पाडायची, जलदेवता वर आली की खरे बोलायचे. जालना जिल्ह्यात ही पद्धत लागू पडत नाही. कुंडलिकेत कुऱ्हाड बुडेल एवढे पाणी वर्षातले थोडेच दिवस असते, आणि बेवारस लोखंड दिसले की देवतेच्या आधी भंगारवाला पोचतो. पुढे ते औद्योगिक वसाहतीतल्या भट्टीतून सळई होऊनच बाहेर पडते.

म्हणून दुसरा मार्ग : ‘गोल्डन ॲक्स’ हा व्हिडिओ गेम. सेगा या जपानी कंपनीने तो १९८९ मध्ये काढला. युरिया नावाच्या राज्याची सोन्याची कुऱ्हाड डेथ ॲडर या इसमाने पळवली आहे, राजा आणि राजकन्या त्याच्या कैदेत आहेत, आणि सगळे सोडवून आणायची जबाबदारी तुमच्यावर. (युरियासाठी मारामारी आपल्याकडे नवी नाही. खरिपात ती कृषी सेवा केंद्रासमोर बघायला मिळते.)

ज्यांचा हात व्हिडिओ पार्लरमध्ये रुपयाच्या नाण्यांवर बसला, त्यांनी आधी एक गैरसमज दूर करावा. तिथे गर्दी असायची ती ‘मुस्तफा’ला. कॅपकॉमच्या १९९३ च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला पोरांनी त्यातल्या एका पात्राच्या नावाने ओळखले, मूळ नाव वाचायच्या भानगडीत कुणी पडले नाही. मुस्तफा दिलदार गेम. त्यात बंदूक सापडायची, एका टप्प्यात चक्क गाडी चालवायला मिळायची. गोल्डन ॲक्समध्ये यातले काही नाही. इथे तलवार, कुऱ्हाड आणि दोन्ही बाजूंनी मार.

पहिला मार बसतो तो गेमच्या देखणेपणामुळे. एक अख्खे गाव कासवाच्या पाठीवर वसलेले आहे आणि कासव गावासकट समुद्र पार करते आहे. पुढे एका प्रचंड गरुडाच्या पाठीवर लढायचे असते, पायाखाली पिसे. माणूस बघत राहतो आणि मागून हातोडा बसतो. सबब, एक लाइफ निव्वळ देखावे बघण्यासाठी वेगळी काढून ठेवावी व ती गेल्यावर हळहळू नये. गेमचे कर्ते माकोतो उचिदा. त्यांनीच आदल्या वर्षी ‘ऑल्टर्ड बीस्ट’ केला होता. त्यातला कोंबडीच्या पायांचा, शेपटीने फटका मारणारा प्राणी त्यांनी इथे स्वारीसाठी पुन्हा वापरला. जुने सामान टाकायचे नाही, हा बाणा आपल्याला आवडला. त्या प्राण्यावर जरूर बसावे, फक्त सातबारा आपल्या नावावर झाला असे समजू नये. एक फटका बसला की आपण खाली, आणि ज्याला मारत होतो तोच वर.

आता पात्राची निवड. तिघे उपलब्ध आहेत आणि तिघांच्याही घरात डेथ ॲडरने माणसे मारली आहेत, त्यामुळे सहानुभूतीवर निवड करता येत नाही. ॲक्स बॅटलर हा पहिलवान नाव कुऱ्हाडीचे लावतो आणि हातात तलवार धरतो. खरी कुऱ्हाड आहे जिलियस थंडरहेड या दाढीवाल्या बुटक्याकडे. तो लोळण घेऊन मारतो, आणि ज्यांना जिंकायचे आहे ते मुकाट्याने त्यालाच घेतात. तिसरी टायरिस फ्लेअर. तिची जादू सर्वांत मोठी, आगीची. मात्र त्या जादूसाठी मडकी लागतात, आणि इथे जालनेकरांचा जन्मजात अधिकार सुरू होतो.

मडकी कुठून येतात? दोन टप्प्यांच्या मधे आपले वीर शेकोटीशेजारी मुक्काम करतात. तेव्हा पाठीवर झोळी टाकलेले चिमुकले चोर येतात. निळ्याला लाथ घातली की मडके पडते, हिरव्याला घातली की खायला मिळते. लाथ चुकली तर आपल्याकडची मडकी तो घेऊन जातो. पाण्यासाठी घाणेवाडीच्या तलावाकडे डोळे लावून लहानाचे मोठे झालेल्या माणसाला यात शिकवण्यासारखे काही नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या घरांनी हंडे, कळश्या, बादल्या, टाकी आणि शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला, त्या घरातले पोर मडके दिसले की उचलतेच. अडचण वेगळी आहे. जादूचे बटण दाबले की साठवलेली सगळी मडकी एकदम रिकामी होतात. एखादे वापरून बाकीची उद्याला ठेवणे हा पर्यायच नाही. जपानमधल्या माणसाने हे ठरवताना नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावाचा विचार केलेला दिसत नाही. परिणाम असा, की जालन्याचा खेळाडू भरल्या मडक्यांनिशी मरतो. त्याला कितीही सांगा, ‘वापर की रे आता’, तो म्हणणार, ‘ऱ्हाऊ द्या, पुढं लागंल.’

यावर उपाय म्हणजे जादूवाचून मारायची एक स्वस्त रीत. शत्रू शूर आहेत, पण पायाखाली बघत नाहीत. जिथे जमीन तुटते तिथे कड्याच्या अलीकडे असे उभे राहावे, की तुमच्या आणि त्यांच्या मधे खड्डा येईल. ते तुमच्या अंगावर धावून येतात आणि किंचाळत खाली जातात. पहिल्या टप्प्याच्या शेवटी भेटणारे हातोडेवाले टकले जुळे भाऊ आणि पुढे जमिनीतून उगवणारे सांगाडे यांच्याशी समोरासमोर लढणे हे तरुण रक्ताचे काम. वयस्कांनी खड्डा शोधावा. तुम्हीही त्यातच पडू शकता, एवढे ध्यानात असू द्यावे.

दोघांनी मिळून खेळण्याची सोय आहे. शक्यतो सख्ख्या भावासोबत खेळू नये. या गेममध्ये जोडीदाराची तलवार आपल्यालाही लागते, आणि चोराला लाथ घातल्यावर पडलेले मडके जो आधी पोचेल त्याचे. पहिल्या मुक्कामापर्यंत ‘दादा, तू डावीकडून ये’ असे रीतसर चालते. दुसऱ्या मुक्कामाला ‘आरं, ते मडकं मव्हं व्हतं!’ ऐकू येते. तिसऱ्यापर्यंत दोघे शत्रूकडे पाठ करून एकमेकांना तुडवत असतात आणि सांगाडे बाजूला ताटकळत उभे. बांध कोरण्यावरून झालेल्या भाऊबंदकीचे पूर्ववृत्त कोर्टात लिहून घेतात, त्यात हा रकाना नाही. असायला हवा.

विजेबद्दल काय लिहावे? गेम सेव्ह होत नाही. ज्यांनी भारनियमनाच्या दिवसांत टीव्हीला जोडून असले गेम खेळले, त्यांना डेथ ॲडर नावापुरताच माहीत आहे, कारण त्याच्या महालाच्या दारापर्यंत लाइट टिकत नसे. लाइट असेल तर नळ येई. आई अंगणातून हाक मारी, ‘ते ठिवा आन् हंडे भरा आधी!’ पॉज करून जावे तर परत येईस्तोवर धाकट्याने पॉज काढलेला असे. आता एमुलेटरवर हवे तिथे सेव्ह करता येते. तसे करावे की नाही हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. आमच्या मते करावे. मोबाइलच्या काचेवर मात्र खेळू नये. अंगठ्याखाली नेमका तोच सांगाडा झाकला जातो.

आर्केडच्या मूळ मशीनवर शेवट गाठणाऱ्यांना एक पूर्वसूचना देणे भाग आहे. शेवटी पडद्यावर एक पार्लर दिसते. पोरे गेम खेळत असतात, मशीन बिघडते, आतले गुंड बाहेर रस्त्यावर पळत सुटतात आणि मागोमाग आपले तिघे वीर. हा प्रकार जालन्यात घडल्यास घाबरू नये. हातोडेवाल्या भावांना नव्या मोंढ्यात हमालीचे काम त्याच दिवशी मिळेल. सांगाड्यांना मामा चौकातली संध्याकाळची वाहतूक ओलांडू द्यावी, जमले तर. डेथ ॲडरसमोर वर सांगितलेली रीत वापरावी. मधे खड्डा येईल असे उभे राहायला जालन्यात फार चालावे लागत नाही. कुऱ्हाड हाती आली की ती मोडायला सराफ्यात नेण्यापूर्वी पावती कुणाच्या नावे करायची ते ठरवावे, आणि दोघे मिळून खेळला असाल तर आधी धाकट्याशी बोलून घ्यावे.