वीतभर भविष्य

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे; अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची वीत मोजतात. तिथल्या व्यावसायिक लीगचा, एनएफएलचा, नवे खेळाडू पारखायचा हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम दरवर्षी इंडियानापोलिसला भरतो. उंची, वजन, चाळीस यार्डांची धाव आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचा पंजा, तोही इंचाच्या अपूर्णांकांत! २००० साली टॉम ब्रेडी नावाच्या काटकुळ्या मुलाने ती धाव ५.२८ सेकंदांत कशीबशी संपवली. संघांनी खेळाडू निवडले तेव्हा त्याचा क्रमांक लागला १९९वा. पुढे सात सुपर बोल जिंकले. उलट २००७ मध्ये जामार्कस रसेलचा हात म्हणजे तोफ. पहिल्याच क्रमांकावर उचलला, तीन हंगामांत घरी पाठवला. चार आडदांड अंगावर धावून येत असताना पोराचं डोकं थंड राहतं का, हे मोजायची फूटपट्टी अजून बाजारात आलेली नाही. तोवर पंजा पसरा, बाळ.