खिडकीची काच आणि एफईची शीट

मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांमध्ये पाऊस ओसरला, की एखाद्या घरातली स्लायडिंगच्या खिडकीची काच जागेवरून नाहीशी होते. चोरीची तक्रार कोणी करत नाही. या घरातलं पोर यंदा एफईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हे शेजारी न सांगता ओळखतात आणि डासांसाठी जाळी लावून घ्या, एवढा सल्ला देऊन जातात.

बारावीला सीईटीपायी ज्याने खिडकीबाहेर पाहिलं नाही, त्याला पहिल्याच सेमिस्टरला खिडकी काढावी लागते. दोन खुर्च्या समोरासमोर, मधे काच, काचेखाली ट्यूबलाइट, वर कुणाची तरी ड्रॉइंगची ओरिजिनल शीट आणि तिच्यावर कोरी. जीटी. ग्लास ट्रेसिंग. पाच मिलिमीटरची काच उत्तम. टीपॉयची जाड काच उजेड खाते आणि उचलताना आईला कळतं.

कॉलेज सुरू होताना इंडक्शन झालं होतं. शाल-श्रीफळवाल्या पाहुण्यांनी चौकटीबाहेर विचार करायला सांगितलं. पुढच्याच आठवड्यात पहिली शीट आली. तिच्यावरचं पहिलं काम होतं चारी बाजूंनी मार्जिन सोडून चौकट आखणं.

शाखेचं नाव मात्र आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स. त्यासाठी प्रवेशाच्या कॅप फेऱ्या झाल्या, बापाने कर्जाच्या अर्जावर सह्या केल्या, आजीने नवस बोलला. हाती आला मिनी ड्राफ्टर आणि खांद्याला लटकवायची शीट कंटेनरची नळी. सकाळच्या विरार लोकलमध्ये मीरा रोडहून नुसतं माणूस चढणं कठीण, तिथे ही नळी घेऊन चढणारा एफईवाला रोज कुणाच्या तरी बरगडीचा सेक्शनल व्ह्यू काढतो. आणि चढावंच लागतं, कारण 75 टक्के हजेरी भरली नाही तर डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव. वर्गात झोपलं तरी चालतं. यायला हवं.

इंजिनिअरिंग ड्रॉइंग हा विषय वाईट आहे असं समजू नका. वस्तू न बघता ती समोरून, वरून, बाजूने कशी दिसेल हे कागदावर मांडायची ही विद्या फ्रान्सने 18व्या शतकात लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवली होती. आज भाईंदर पूर्वेला आठ मुलं एकाच काचेवर पाळीपाळीने ती उतरवतात, आणि आठांपैकी कुणालाही ती कळत नाही. गुपित अजून शाबूत आहे.

आता त्या तड्याची गोष्ट. ऐकीव आहे, पण एफईवाले तिच्यावर शपथ घेतात. एका घरच्या काचेला कोपऱ्यातून तिरका तडा गेलेला होता. सबमिशनची आदली रात्र, दुसरी काच मिळेना, म्हणून तीच वापरली. पहाटे तीनच्या झोपेत एका मुलाने खालून दिसणारी ती तिरकी रेघही इमाने इतबारे शीटवर उमटवली. पुढच्याने त्याची शीट ओरिजिनल म्हणून घेतली. त्याला वाटलं, रेघ आहे तर कारण असणार. त्याने ती टू-एचने नीट पक्की केली. तिसरा हुशार. एवढी तिरकी रेघ म्हणजे सेक्शन प्लेनच, असं त्याने ओळखलं आणि दोन टोकांना बाण काढून ए-ए लिहिलं. चौथ्याने सेक्शन प्लेन आहे म्हटल्यावर हॅचिंग हवंच म्हणून पंचेचाळीस अंशांत हॅचिंग मारलं. सकाळपर्यंत जवळजवळ अख्ख्या डिव्हिजनच्या शीटवर तडा होता, बाणांसकट. सरांनी लाल पेनने सही केली. ज्या एका मुलीने स्वतः डोकं चालवून शीट काढली होती तिच्या शीटवर सेक्शन प्लेन नव्हतं, म्हणून तिला रिपीट मिळाला. त्या शीटा ज्युनिअरांकडे गेल्या, त्यांच्याकडून त्यांच्या ज्युनिअरांकडे. काच केव्हाच भंगारात गेली असेल, पण तडा अजून टर्म वर्कचे मार्क मिळवतो आहे. व्हायवात कुणी विचारलंच, की बाबा रे, ही रेघ इथे कशी आली, तर मुलगा खाली बघतो, सर घड्याळाकडे बघतात, आणि पुढचा रोल नंबर आत येतो.

हसू येत होतं, इथे थांबलं.

कारण सही करणारे सर मूर्ख नाहीत. जीटी त्यांना एका नजरेत ओळखू येते. तेही त्याच काचेवरून पास झालेत. ते कंत्राटावर आहेत, साठ-सत्तर शीटा त्यांना एका दुपारी उरकायच्या आहेत, आणि त्यांचा पगार त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कोचिंग क्लासवाल्याला सांगायची त्यांना लाज वाटते. त्यांच्या डोक्यावर जे बसलेत त्यांनाही सगळं ठाऊक आहे. कॅडच्या लॅबमधल्या खुर्च्यांचं प्लास्टिक तपासणीच्या आदल्या दिवशी निघतं, हे शिपायालाही माहीत असतं. तपासणीला आलेल्यांना फाइल हवी, फायलीत शीट हवी, शीटवर सही हवी. रेघेला अर्थ हवा असं कुठल्याच कॉलममध्ये लिहिलेलं नाही. अठरा वर्षांच्या पोराला पहिल्या वर्षात आपण हेच शिकवतो: वरचा विचारत नाही, तू छाप. आणि मग चौथ्या वर्षी कंपन्या त्याला उभं करत नाहीत, तेव्हा हीच मंडळी चर्चासत्र भरवून विचारतात, की मुलांमध्ये कल्पकता का नाही. अरे, तुम्हीच तर त्या ट्यूबलाइटखाली जाळलीत ती!

याच भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी घडतात. तिथे डाय बनवणारा कारागीर मळक्या कागदावरचं ड्रॉइंग बघतो आणि व्हर्निअर लावतो. रेघ चुकली तर डब्याचं झाकण बसत नाही आणि माल परत येतो. एफईच्या मुलांना एक दिवस त्या गाळ्यात उभं करायला रिक्षाचं भाडं तेवढं लागेल. पण त्या दिवसाची हजेरी कोणत्या विषयाला लावायची, यावर बैठक घ्यावी लागेल.

हल्ली सुधारणा झाली आहे म्हणे. काही ठिकाणी राइट-अपमध्ये एआय वापरायला सक्त मनाई आहे आणि राइट-अप हातानेच लिहायचा आहे. त्यामुळे आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा विद्यार्थी उत्तर मोबाइलवर एआयकडून घेतो आणि निळ्या पेनने पानं भरतो. सीचा प्रोग्रॅम हाताने, त्याचं आउटपुटही हाताने. काच नको, वीज नको. जीटीपेक्षा सोय झाली.

पालकांना एक विनंती. सबमिशनच्या रात्री चहा देऊन झाला, की पोराच्या शीटवरच्या कुठल्याही एका रेघेवर बोट ठेवा आणि विचारा, ही इथे का आहे? उत्तर आलं, तर गुपचूप झोपायला जा, पोरगं शिकतंय. नाही आलं, तर पोराला ओरडू नका. तोच प्रश्न घेऊन कॉलेजात जा, आणि सोबत फीची पावती न्या.