खाली आलाय

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला आला होता. आदल्या रात्री बाराच्या ठोक्याला देशातली प्रवासी विमानं जमिनीवर बसली, आमच्या सोसायटीच्या गेटला वॉचमनने साखळी घातली, आणि सकाळी सव्वानऊला तीनशे दोनच्या काकांनी मुहूर्तावर विमान कंपनीचे शेअर घेतले.

"सराफ बंद," ते त्यांच्या गॅलरीतून माझ्या गॅलरीत म्हणाले. मागे गुढीवरचा तांब्या चमकत होता. "पाडव्याला काहीतरी घ्यायला नको? म्हटलं, विमान घेऊ. फार खाली आलंय."

"काका, सगळीच खाली आलीत. रात्रीपासून एकही वर नाही."

"तेच म्हणतोय मी!"

नवी मुंबईत माणसाला नाव नसतं, फ्लॅट नंबर असतो. सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत तर लग्नाच्या पत्रिकेवरही वॉचमन पेन्सिलने नंबर घालून देतो. तीनशे दोन हे ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झालेले. स्टोअर्सला होते. पस्तीस वर्षं स्टॉक मोजल्यामुळे स्टॉक मार्केटमध्ये आपल्याला नवीन शिकण्यासारखं काही नाही, ही त्यांची प्रामाणिक समजूत. असा एक तीनशे दोन प्रत्येक सोसायटीत असतोच. कुठे तो तळमजल्यावर राहतो, कुठे बी विंगला, एवढाच फरक. कंपनी काय करते, कर्ज किती, चालवणारा कोण, असल्या चौकशा तो करत नाही. त्याचा प्रश्न एकच: "खाली आलाय का?"

हा प्रश्न तो हापूसलाही विचारतो. त्या वर्षी आंब्याचा टेम्पो गेटवर यायचा. पहिल्या खेपेला पेटीचा भाव ऐकून काकांनी मास्कच्या आतून "हॅ" केलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. मे महिन्यात वाशीचं एपीएमसी मार्केट आठवडाभर बंद राहिलं, त्यानंतरच्या खेपेला भाव निम्म्यावर आला आणि काका दोन पेट्या घेऊन विजयी मुद्रेने जिना चढले. लिफ्ट सॅनिटाइझ होत होती. संध्याकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "सगळ्यात साका आहे हो! पेटी का उतरली ते विचारलंत का?" नव्हतं विचारलं.

तर हा माणूस विमानांकडे का वळला? औषधं होती, साबण होते, जगाला ज्यांची गरज होती अशा शेकडो वस्तू होत्या. पण काकांचा विमानाशी जुना संबंध. आयुष्यात दोनदाच बसले असतील. संबंध बसण्याचा नव्हेच, बघण्याचा. आमच्या गच्चीवरून खाडीपलीकडे उलव्याची टेकडी दिसायची. दिसायची म्हणजे विमानतळासाठी सुरुंग लावून ती उतरवण्याचं काम चाललं होतं, म्हणून दर पावसाळ्यानंतर थोडी कमी दिसायची. फेब्रुवारी २०१८मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं आणि २०१९ सरता सरता विमान उडेल असं जाहीर झालं, तेव्हापासून सुरुंगाचा हादरा बसून खिडकीची काच थरथरली की काका हातातलं वर्तमानपत्र खाली घेऊन म्हणत, "वाढला." काय वाढलं? फ्लॅटचा भाव, विमान कंपनीचा भाव, आपला भाव. तिन्ही त्यांच्या लेखी एकच.

दुसरा संबंध जखमेचा. २००५ साली जेट एअरवेजचा आयपीओ अकराशे रुपयांना आला. काकांना शेअर लागले म्हणून त्यांनी पेढे वाटले होते. १७ एप्रिल २०१९च्या रात्री जेटचं शेवटचं विमान उतरलं, काकांचे शेअर मात्र डीमॅटमध्येच राहिले. विकले का नाहीत, असं विचारलं की ते स्टोअर्समधला एक व्हॉल्व्ह सांगतात. हा व्हॉल्व्ह १९८६ साली चुकून मागवला गेला, अठरा वर्षं डेड स्टॉकच्या रजिस्टरमध्ये पडून राहिला, आणि २००४मध्ये एका रात्री प्लँट बंद पडला तेव्हा नेमका तोच बसला. "फेकला असता तर?" हे विचारताना ते समोरच्याच्या डोळ्यांत बघतात. या व्हॉल्व्हने काकांचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं कुठल्याही दलालाने केलेलं नाही.

टाळेबंदीत गच्चीवर फिरायला परवानगी होती, सहा फुटांवरून. तिथे आमची सभा भरायची. पाचशे चार बँकेतले, बोलण्याआधी मास्क नीट करणारे. एकशे एकचा मुलगा घरी बसून कंटाळलेला. त्याने मोबाइलवर डीमॅट उघडलं होतं आणि महिनाभरात तो सगळ्यांना सल्ला देऊ लागला होता. खाली तलाव्याच्या पाणथळीत त्या वर्षी फ्लेमिंगोंची अशी गर्दी की पाणी गुलाबी दिसायचं. वर आकाश मोकळं.

"यांचं बरंय," पाचशे चार पक्ष्यांकडे बघत म्हणाले. "इंधन नाही, भाडं नाही. विमान कंपनीची बहुतेक विमानं भाड्याची असतात, तीनशे दोन. भाडं डॉलरमध्ये. उडवा नाहीतर शेडमध्ये ठेवा, महिना भरला की द्यायचं."

"दुकान बंद म्हणून गाळ्याचं भाडं कोणी सोडतं का?" काका म्हणाले. "पण ज्याचा गाळा असतो, त्याचंच दुकान उघडतं नंतर."

हे बोलणं, खरं सांगायचं तर, बिनचूक होतं. काकांची पंचाईत हीच होती की ते अधूनमधून बरोबर असत. इंडिगोचा आयपीओ २०१५मध्ये ७६५ रुपयांना आला होता. मार्चच्या पडझडीत शेअर परत त्या भावाच्या आसपास जाऊन आला, तेव्हा काकांनी तो घेतला. हिशेबाने पाहिलं तर आयुष्यातली सर्वोत्तम खरेदी. एकशे एकचं शास्त्र वेगळं होतं. स्पाइसजेट तीसच्या घरात होता, म्हणून तो म्हणे स्वस्त. "काका, तेवढ्याच पैशात पंचवीसपट शेअर येतात!" वडापाव आणि पावभाजी यांतलं स्वस्त काय, हे जसं ठरवतात, तसं. काकांना पटलं. त्यांनी तोही घेतला.

२१ एप्रिलला सकाळी ते पेपर नाचवतच वर आले. अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलरवर बंद झाला होता. "विमानाचा सगळ्यात मोठा खर्च कुठला? तेल! आता तेलवाले पैसे देऊन तेल देणार!"

"पण विमानं बंद आहेत, काका."

"टाकी भरून ठेवायची."

दोन मेला वॉरन बफेने जाहीर केलं की अमेरिकेतल्या चार मोठ्या विमान कंपन्यांमधला आपला सगळा हिस्सा विकून टाकला. एवढा मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर पाचशे चारांनी आनंदाने मास्क काढला. काका डगमगले नाहीत. "वय काय त्याचं?" एकोणनव्वद. "मग? एकोणनव्वदाव्या वर्षी माणूस लाँग टर्मचा विचार कसा करणार?" काका स्वतः तेव्हा एकोणसत्तर.

त्या दिवसांत त्यांच्या उजव्या तर्जनीला ऑक्सिमीटर आणि डाव्या हातात मोबाइल असायचा. एकीकडे सत्त्याण्णव, दुसरीकडे शेअरचा भाव. काकू लांबूनच चेहरा बघून विचारायच्या, "कुठला उतरला?"

२५ मेला विमानं पुन्हा सुरू झाली. नेहमीच्या एक तृतीयांश उड्डाणं, तिकिटाला सरकारने ठरवलेली खालची आणि वरची मर्यादा, आणि जूनपासून मधल्या सीटवरच्या प्रवाशाला अंगभर झगा. काका त्या दिवशी पहाटेपासून गच्चीत, हातात वही. स्टोअर्सची सवय. नऊ वाजेपर्यंत चार नोंदी झाल्या होत्या. पाचवी नोंद करताना मी तिथेच होतो; ती घार होती. वहीत ती तशीच राहिली. जुलैअखेर इंडिगोचे एप्रिल ते जूनचे आकडे आले: तोटा २,८४४ कोटी. मला वाटलं, आज काका खाली येणार नाहीत. ते दुधाच्या रांगेत उभे होते. "तीन महिन्यांत एवढं घालवून उभी आहे कंपनी. विचार कर, किती असेल तिच्याकडे!"

घरात मात्र वेगळाच खटला चालू होता. काकूंच्या बहिणीच्या नातवाची मुंज एप्रिलमध्ये बंगळूरला होती, तिकिटं फेब्रुवारीतच काढलेली. उड्डाण रद्द झालं. पैसे परत न येता कंपनीच्या खात्यात 'क्रेडिट शेल' म्हणून पडून राहिले. कंपनीचं नाव लिहीत नाही, काकूंनी घेतलं नाही म्हणून. त्या "तुमची ती" म्हणत. कारण काकांकडे तिचेच शेअर होते.

"अहो, फोन करा त्यांना. पैसे मागा."

"अगं, सगळ्यांनी मागितले तर कंपनीकडे रोकड राहील का? भाव पडेल."

"म्हणजे माझे साडेनऊ हजार तुमच्या भावासाठी तिकडे ठेवायचे?"

"आपण मालक आहोत तिचे. मालकच कधी गल्ल्यावर दावा लावतो का?"

"मालक? मग सांगा तुमच्या पायलटला, मला बंगळूरला सोडून ये!"

ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. टाळेबंदीत रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे परत द्या. अडचणीतल्या कंपनीला लगेच जमत नसेल तर शेल मार्च २०२१पर्यंत चालेल, पण जुलैपासून त्यावर महिना पाऊण टक्का वाढ द्या. काका पेपर घेऊन स्वयंपाकघरात गेले. "पाऊण टक्का महिना! वर्षाचे नऊ! एफडीला साडेपाच मिळत नाहीत. राहू दे पैसे तिकडे." काकूंनी गॅस बंद केल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्या दिवशी तीनशे दोनला पिठलं झालं नाही, भात झाला नाही, काहीच झालं नाही. संध्याकाळी काकांनी कंपनीला फोन लावला, आणि स्वतःच्याच मालकीच्या कंपनीत पंचेचाळीस मिनिटं सतारीची धून ऐकत बसले.

याच सुमारास व्हॉल्व्ह पुन्हा डोक्यात आला. ऑक्टोबरातच जेटच्या धनकोंनी पुनरुज्जीवनाच्या योजनेला मान्यता दिली आणि शेअरला रोज अपर सर्किट लागू लागलं. विमान एकही उडत नव्हतं, शेअर उडत होता. काकांनी रात्री साडेदहाला बेल वाजवली. "अठरा वर्षं!" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी इंडिगो विकून टाकला. फायद्यात होता म्हणून. स्टोअर्सचा नियमच तसा: चालणारा माल बाहेर काढायचा, न चालणारा जपायचा. त्या पैशांतून जेट 'ॲव्हरेज' करायचं ठरलं. पण अपर सर्किटला विकणाराच नसतो. काका रोज सकाळी ऑर्डर टाकत, रोज मिळायची नाही. ज्या दिवशी सगळे शेअर मिळाले, त्या दिवशी त्यांनी मला आनंदाने चहाला बोलावलं. त्यांना इतके शेअर द्यायला बाजारात एवढे विकणारे अचानक आले कुठून, हे मी चहा पिताना विचारलं नाही. आंब्याचं वर्ष होतं ते.

पुढचं थोडक्यात. ऑगस्ट २०२२मध्ये राकेश झुनझुनवालांची अकासा सुरू झाली, तेव्हा काकांनी दलालाला फोन करून तिचे शेअर मागितले. ती शेअर बाजारात नाही हे ऐकून त्यांचं मत झालं की दलालाला ती स्वतःसाठी ठेवायची आहे. स्पाइसजेट वर जाऊन परत तीसच्या घरात आला, एकशे एकचा मुलगा तोवर पुण्याला नोकरीला लागला होता. आणि ७ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने जेट मोडीत काढायचा आदेश दिला. इंडिगो तेव्हा चार हजारांवर होता. ही दुसरी बातमी काकांना कोणी सांगायची नाही असं गच्चीवर ठरलं होतं. त्यांना आधीच माहीत होती. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं: जेट, स्क्रॅप. खाली सही आणि तारीख.

२५ डिसेंबर २०२५. खाडीपलीकडे टेकडी उरलेली नाही, तिथे आता धावपट्टी आहे. सकाळी पहिलं विमान येणार म्हणून अख्खी सोसायटी गच्चीवर. काका स्वेटर घालून कठड्याला, काकूंच्या हातात थर्मास. विमान इंडिगोचं होतं, बंगळूरहून येणारं.

"बंगळूर!" काकू म्हणाल्या. "मुंज झाली, त्याचा आवाज फुटला, आणि आता आलंय यांचं विमान."

एकशे एकचा मुलगा नाताळच्या सुट्टीला आला होता. महिन्याच्या सुरुवातीला इंडिगोची रोज शेकडो उड्डाणं रद्द झाली होती, त्या गोंधळात शेअरही घसरला होता. मोबाइल पुढे करत तो हळूच म्हणाला, "काका, बघा. पडलाय. घेऊन टाका."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. क्षितिजावर एक ठिपका मोठा होत होता.

"थांब," ते म्हणाले. "अजून खाली येईल."

विमानाने चाकं बाहेर काढली होती.