झुडपाच्या कोणत्या बाजूनं?

लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर हरवता येतं, पण फार वेळ हरवून राहता येत नाही. सुमारे ३२० हेक्टरांवर पसरलेलं हे गवत, झाडी आणि तळ्यांचं रान. कुठल्याही दिशेनं नाकासमोर चालत राहिलात तरी थोड्या वेळानं डांबरी रस्ता, बस आणि कॉफीचं दुकान लागणारच. तरीही एखाद्या रविवारी सकाळी ओरिएंटियरिंग क्लबाची मंडळी रीतसर पैसे भरून, बुटांच्या नाड्या दोनदा आवळून, होकायंत्र बोटात अडकवून याच हीथवर वाट शोधायला उतरतात. त्यांतले कित्येक जण आदल्या संध्याकाळी इथंच कुत्रा फिरवून गेलेले असतात. कुत्र्याला सगळी हीथ पाठ असते. नकाशा मात्र माणसाच्या हाती येतो, आणि तिथून पुढे परिचयाची जागा अनोळखी व्हायला लागते.

खेळ सांगायला सोपा आहे. नकाशावर जांभळा त्रिकोण म्हणजे सुरुवात, दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट, मधली एकेरी वर्तुळं म्हणजे गाठायची ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी नारिंगी-पांढरी तीन बाजूंची कापडी झेंडी टांगलेली असते आणि तिच्याशी एक डबी. बोटाला बांधलेला डिबर त्या डबीत खुपसला की ‘पिक्’ असा आवाज येतो आणि आपली वेळ नोंदली जाते. क्रम ठरलेला; वाट ज्याची त्यानं शोधायची. कोर्सना रंगांची नावं असतात. व्हाइट म्हणजे पायवाट न सोडणाऱ्या लहान मुलांचा, मग यलो, ऑरेंज, असं चढत चढत ब्लू आणि ब्राउन. चाळिशी ओलांडलेल्या नवख्याला स्वागतकक्षातली बाई अत्यंत प्रेमानं यलो सुचवते. तो थोडा दुखावतो आणि ऑरेंज मागतो. मग त्याच्या पुढून यलोवरची नऊ वर्षांची मुलगी नकाशा न बघता निघून जाते.

नकाशा स्वतःच एक खोडकर प्रकरण आहे. त्यावर पांढरी दिसणारी जागा मोकळी असेल असं कुणालाही वाटेल, पण पांढरं म्हणजे पळता येण्याजोगं जंगल, आणि मोकळं मैदान पिवळं. स्वीडन-नॉर्वेत वाढलेल्या खेळाच्या दृष्टीनं हे रास्तच आहे. तिथं जंगल हीच मूळ अवस्था. तिला वेगळा रंग कशाला द्यायचा? हिरवा रंग आला की समजायचं, झाडी दाट होत चालली आणि वेग कमी होणार. गर्द हिरवा असेल तर आतून जाण्याचा विचारच सोडायचा. तपकिरी रेषा म्हणजे शाळेत भूगोलाच्या तासाला डुलक्या घेत पाहिलेल्या समोच्च रेषा. तेव्हा त्यांचा पुढे काही उपयोग होईल असं कुणाला वाटलं होतं? शेतात एकटं उभं असलेलं झाड, पडलेलं खोड, हातभर खड्डा, सगळ्याला चिन्ह आहे. कुणीतरी क्लबाचा माणूस कित्येक शनिवार-रविवार ही हीथ वीत-वीत चालला, तेव्हा हे चितारलं गेलं.

साताऱ्याच्या आत्याला फोनवर हे सगळं समजावून सांगायचा मी प्रयत्न केला.

“म्हणजे हरवायचे पैसे भरतोस?”

“हरवायचे नाही गं आत्या, शोधायचे.”

“मग एवढं काय त्यात? माणसं असतील ना तिथं. विचारायचं कुणाला तरी.”

“विचारायचं नाही, असा नियमच आहे.”

यावर ती बराच वेळ गप्प होती. तिच्या दृष्टीनं खेळातलं आव्हान वगैरे ठीक, पण विचारायचं नाही हा माणुसकीला सोडून नियम होता. आणि तिचं अगदीच चुकलं असं मला म्हणवत नाही. आपल्याकडे वाट विचारणं हे नुसती वाट कळण्यासाठी नसतंच. वडापासून डावीकडे वळा एवढं सांगायला समोरचा माणूस आधी आपण कुठले, कुणाकडे निघालोय, त्यांची मुलगी दिली ती कुठं, हे काढून घेतो. मग “चला, मी तिकडंच निघालोय” म्हणून बरोबर येतो. सह्याद्रीत गड चढताना वाट सांगणाऱ्या मामांचं “हे काय, हाकेच्या अंतरावर” दोन तास चालतं. पण त्या दोन तासांत आपण एकटे कधीच नसतो. मामांचं वाक्य सोबत असतं.

इथं मात्र माणूस आणि नकाशा, दोघंच. इंग्रज माणसाला मुळात कुणाशी न बोलण्याची सवय असल्यामुळे हा नियम त्याला जड जात नसावा, असं आधी वाटायचं. झाडीत एखाद्या वळणावर दोन खेळाडू समोरासमोर येतात, दोघंही एकमेकांच्या विरुद्ध दिशेनं अतिशय आत्मविश्वासानं चाललेले असतात, दोघांच्याही मनात एकच भयंकर शंका येते, आणि दोघं मान लववून पुढे निघून जातात. बागेत फिरायला आलेली एखादी आजी दया येऊन “काही शोधताय का?” विचारते. उत्तर हो द्यावं की नाही, हे नियमपुस्तकात बघावं लागेल.

जाणकार मंडळी म्हणतात की या खेळात रस्ता चुकण्यापेक्षा चूक पटण्याला जास्त वेळ लागतो. हे मी इतरांचं निरीक्षण करून मान्य केलं आहे. माणूस शेजारच्या, दिसायला अगदी तशाच दरीत उतरतो. नकाशात पायवाट आहे, समोर नाही. म्हणजे पानं पडून झाकली असेल. समोर तळं आहे, नकाशात नाही. गेल्या आठवड्यात पाऊस केवढा झाला! बाक उलट्या बाजूला आहे? पालिकेनं हलवला असणार. असा एकेक पुरावा रद्दबातल करत तो ठामपणे पुढे जातो. आपण चुकलो आहोत, ही सगळ्यांत साधी शक्यता त्याच्या यादीत सर्वांत खाली असते, नकाशा छापणाऱ्याच्या चुकीच्याही खाली. वयाचा फायदा होतो तो इथं. या खेळात ऐंशीच्या पुढचेही वयोगट आहेत आणि त्या गटांतली माणसं पळत नाहीत. प्रत्येक फाट्यावर थांबतात, नकाशा उत्तरेकडे फिरवून घेतात, अंगठा आपल्या जागेवर ठेवतात आणि चालू लागतात. पंचविशीतला दणकट गडी धाडधाड त्यांना ओलांडून जातो. पुढच्या झेंडीपाशी पोहोचायला आजोबांना उशीर लागतो, त्या गड्याला त्याहून जास्त. वेगानं चुकीच्या जागी लवकर पोहोचता येतं, एवढंच.

एका जुन्या स्वीडिश लष्करी माणसामुळे हा खेळ लोकांच्या हाती आला. अर्न्स्ट किलांडर हे त्यांचं नाव. मैदानात गोल गोल पळायला तरुण पोरं कंटाळलेली पाहून १९१९ साली त्यांनी स्टॉकहोमजवळच्या जंगलात मोठी स्पर्धा भरवली. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात त्याचा प्रसार करणाऱ्यांत क्रिस ब्रेशर आणि जॉन डिस्ली हे दोघं पुढे होते. ब्रेशर म्हणजे १९५४ साली रॉजर बॅनिस्टर चार मिनिटांच्या आत मैल धावले तेव्हा त्यांच्या पुढे पळून गती लावून देणारे, आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं सुवर्णपदक जिंकणारे. डिस्लींकडे त्याच शर्यतीचं १९५२ सालचं कांस्य. पुढे या दोघांनी १९८१ साली लंडन मॅरेथॉन सुरू केली. वाट शोधण्याचं वेड देशाला लावणाऱ्या दोघांना जग ओळखतं ते अशा शर्यतीमुळे, जिच्यात दुतर्फा कठडे असतात, गर्दी टाळ्या वाजवत असते आणि चुकायची काही सोयच नसते.

शहरातल्या बागेत खेळायचं तर शहराचे नियमही आले. फुलांचे वाफे आणि खासगी आवार नकाशावर शेवाळी हिरव्या रंगात असतात. तिथं पाय टाकला की बाद. जाड काळ्या रेषेनं काढलेली भिंत कमरेएवढी असली, सहज ओलांडता येण्याजोगी असली, तरी ओलांडायची नाही. ती ओलांडता येत नाही असं सर्वांनी मिळून मानायचं. याहून कठीण प्रकार पाहायचा तर २००८ पासून होणारी लंडन सिटी रेस पाहावी. काही वर्षी ती बार्बिकन वसाहतीच्या जिन्यांतून आणि मजल्यांवरून गेली आहे. या वसाहतीत चुकणाऱ्यांची संख्या अशी होती की जमिनीवर पिवळी रेघ ओढून पाहुण्यांना वाट दाखवावी लागली. अशा ठिकाणी स्पर्धा घ्यायची म्हणजे विहिरीत ढकलून पोहायला शिकवण्यापैकी आहे.

सगळ्यांत कडक नियम मात्र वेगळाच आहे. कोर्स अर्धवट सोडला, झेंड्या सापडल्या नाहीत, कंटाळून मध्येच आइस्क्रीम खाल्लं, काहीही झालं तरी परत येऊन डिबर दाखवून जायचं. नाही तर तुम्ही अजून झाडीतच आहात असं धरून लोक शोधायला निघतात. एखादा लाजून परस्पर घरी जातो, आंघोळ करून जेवायला बसतो आणि तिकडे चार स्वयंसेवक त्याला हाका मारत हीथ पालथी घालत असतात.

डिबर दाखवला की छोट्या यंत्रातून चिठ्ठी बाहेर येते. कुठल्या झेंडीपासून कुठल्या झेंडीपर्यंत किती मिनिटं लागली, सगळं छापलेलं. आणि इथं या खेळाचा खरा भाग सुरू होतो. ट्यूबमध्ये शेजारच्याचा कोपर तासभर बरगडीत रुतला तरी हूं न करणारी ही माणसं, चिठ्ठी हाती पडताच जी बोलायला लागतात, ती थांबत नाहीत. थर्मासमधला चहा निवतो, लिंबाच्या केकवर मुंग्या चढतात. निवृत्त दंतवैद्य आणि कॉलेजातली पोरगी नकाशा गवतावर पसरून गुडघे टेकून बसतात.

“सातव्याला तुम्ही झुडपाच्या कोणत्या बाजूनं गेलात?”

“डाव्या.”

“डाव्या? पण तिथं काटे!”

“काटे आहेत, पण चढ वाचतो.”

“किती?”

“दोन समोच्च रेषा.”

दंतवैद्य विचारात पडतो. शेजारून तिसरा कुणी उजव्या बाजूचा कैवारी येतो. तासभर एकमेकांना काही विचारायची बंदी होती, त्याचं व्याज या झुडपावर वसूल होतं. त्या संभाषणात कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाची बदली, असलं काही निघत नाही. झुडूपच निघतं, पण इतक्या आपुलकीनं, की आत्याला तिथं नेऊन बसवलं तर तिला भाषा कळली नाही तरी प्रकार ओळखीचा वाटेल.

दुपारी सगळे निघायच्या बेतात असताना कोर्स आखणारा माणूस झेंड्या गोळा करून येतो. एकतीसपासून सगळ्या मोजतो. एकतीसपासूनच, कारण झेंडीवरचा क्रमांक आणि कोर्समधला क्रम यांत गोंधळ होऊ नये म्हणून त्याआधीचे आकडे वापरत नाहीत. एक कमी भरते, आणि ती सातवीच असते. कुणी म्हणतं पोरांनी नेली, कुणी म्हणतं कुत्र्यानं. दंतवैद्य म्हणतो, तू शोधलीस ती झुडपाच्या कोणत्या बाजूला? मग जॅकेट पुन्हा चढवून चौघं जण एकदम निघतात, दोघं डाव्या बाजूनं, दोघं उजव्या.